पुसलं गेलेलं कडवं

चष्मा फुटला म्हणून ती चष्म्याच्या दुकानात निघाली आणि शिरली शेजारच्या दुकानात. काउंटरवर वाकून काहीतरी करणाऱ्या माणसाला म्हणाली, "फ्रेम दाखवा."

"फ्रेम नाहीत हो. टेपरेकॉर्डर दाखवू?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दोनच दिवसांनी, नवा चष्मा लावून, ती पुन्हा त्याच दारात हजर! पर्समध्ये आईची कॅसेट होती, एका म्हाताऱ्या गायकाची. शब्द त्याचे, चाली त्याच्या, गळाही त्याचाच. आई इस्त्री करताना हीच लावायची. आता फीत गुंतली होती, डबी तडकली होती. चार आठवड्यांनी ती दूरच्या शहरात नोकरीला जाणार होती आणि कॅसेट तिला सोबत हवी होती.

"काम दोन दिवसांचं आहे," तो म्हणाला. "चार आठवडे लागतील."

"हा कुठला हिशोब?"

"लागत नाहीत... पण लावतो."

ती कानापर्यंत लाल झाली.

मग दर शनिवारी ती यायची. तो बोटांच्या टोकांनी फीत सरळ करायचा, जमलं तेवढं एखादं गाणं ऐकवायचा. गाणं चालू असताना तो चुकूनही तिच्याकडे बघत नसे, आणि ती दुसरं काहीच करत नसे. घरी गेलं की पुढचा शनिवार उजाडता उजाडत नसे. सगळं कळत होतं, फक्त तो बोलत नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटच्या शनिवारी त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

"माझ्या हातून घोळ झालाय," तो म्हणाला. "गाण्यांच्या विकतच्या कॅसेटच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या तोडलेल्या असतात, म्हणून त्यावर रेकॉर्ड होत नाही. मी फीत नव्या डबीत घातली. तिच्या पट्ट्या शाबूत... आणि बोलता बोलता चुकून रेकॉर्डचंही बटण दाबलं. शेवटच्या गाण्याचं एक कडवं पुसलं गेलं."

"पुसलं? आईला काय तोंड दाखवू मी? आता काय आहे तिथे?"

"...माझा आवाज."

"लावा."

"नको ना."

"लावा म्हणते ना!"

म्हातारा गाऊ लागला. दोन कडवी झाली, खट्‌ झालं, आणि त्याचा आवाज आला — "ताई, ती सोमवारी चालली गं. दार वाजलं की तीच वाटते मला."

"मग सांग की तिला!" ही त्याची बहीण.

"एवढी चांगली नोकरी मिळालीय... कशाला तिच्या पायात घोटाळू?"

पुन्हा खट्‌. म्हातारा पुढचं कडवं गाऊ लागला. तिचा राग कुठल्या कुठे पळाला होता.

"मला कधी सांगणार होतात?"

"तुम्ही गेल्यावर."

"वा! फारच लवकर." ती काउंटरवर पुढे झुकली. "मला थांब म्हणा."

"थांबाल?"

"नाही. नोकरी नाही सोडणार मी. पण हे ऐकल्याशिवाय गेले तर तिथे माझं कशातच मन लागायचं नाही. म्हणा ना..."

तो पहिल्यांदाच काउंटर ओलांडून अलीकडे आला. त्याच्या बोटांना टेपरेकॉर्डर पुसायच्या स्पिरिटचा वास होता. तिने ती बोटं घट्ट धरली.

"थांब ना गं," तो म्हणाला.

ती खूप रडली, त्याच्याच बाहीला नाक पुसलं, आणि सोमवारी ठरलेल्या गाडीने गेली.