पाचवं पान

"आता मी जे सांगणार, त्यावर तुमच्यातलं कुणीही विश्वास ठेवणार नाही," राजगोपालांनी टंबलरमधली कॉफी उंचावरून डबऱ्यात, त्याखालच्या पसरट वाटीत, ओतत बजावलं.

कुणी मान वर केली नाही. हे वाक्य त्या घरात इडलीच्या वाफेइतकंच रोजचं होतं. राजगोपालांनी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवला आणि चौतीस वर्षं कँटीनमध्ये थापा मारल्या. दोन्हींपैकी कुठलाच माल कधी परत आला नाही. ते म्हणत, थाप ही लेथवरच्या कामासारखी असते. कच्चा माल खरा हवा. कडा घासून घ्याव्यात. आणि माप एक सूत कमीच ठेवावं, उरलेलं ऐकणारा आपण होऊन भरतो.

पोंगलआधीच्या मार्गळी महिन्यातला रविवार होता. खाली कुणीतरी दारात घातलेल्या कोलमच्या रांगोळीवरून दूधवाल्याची सायकल गेली होती, त्यावरून बायकांची बोलाचाली चालली होती. मधूनच उपनगरी गाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरत. जेवणाच्या टेबलावर मुलगा श्रीहरी लॅपटॉप उघडून बसला होता. पोंगलच्या सुट्टीला जोडून बँकेतून रजा काढलेली, भाड्याची गाडी ठरवलेली. ड्रायव्हर नको, स्वतः चालवायची. किनाऱ्याकिनाऱ्यानं पुदुच्चेरी, चिदंबरम, तरंगंबाडी. मग आत वळून तंजावर, तिरुची. आणि शेवटी कोल्लीमलैचा सत्तर वळणांचा घाट.

"घाट तुमच्यासाठी, आप्पा," श्रीहरी म्हणाला. "तुम्ही आणि अम्मा गेलात तोच."

"तेच तर सांगतोय. पंचेचाळिसाव्या वळणावर कारखान्याच्या मालकाची फियाट तापली. अशी तापली, की बॉनेटवर दोशै घातला असता."

"मागच्या वेळी ऑम्लेट होतं," सून विद्यालक्ष्मी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मामंजींची थट्टा करतेस? बरं. दोशै काय, ऑम्लेट काय, गाडी तापली हे खरं. पुढं चालत गेलो तर निळं फाटक. आत लांबच लांब व्हरांड्याचा बंगला. दारावर घंटा, पण आतला लोळा नाही, म्हणून ती नुसती हलायची. अंगणात फणसाचं झाड, पडू नये म्हणून तारेनं बांधलेलं. आणि राखणदार कोण? हंबीरराव! आपल्यातलाच, तंजावरचा मराठी. डावखुरा. चार दिवस राहिलो. तुझी अम्मा सकाळी व्हरांड्यात बसायची, धुकं तिच्या पायाशी यायचं. पाचव्या दिवशी दोघं गाणी म्हणत खाली उतरलो."

श्रीहरीनं की-बोर्डवरचे हात काढून घेतले होते. ही गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली होती, आणि दरवेळी तो ती अशीच ऐके. तेव्हा तो तीन वर्षांचा, आजीकडं तंजावरला होता. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आई म्हणजे भिंतीवरचा फोटो, त्याखालची कागदाची पट्टी, सरोजा, निधन २१-२-१९८५, आणि हे चार दिवस.

"पोंगलमध्ये गेलात ना, आप्पा? अम्मा आजारी पडायच्या आधी?"

"पोंगलमध्येच. पण तो बंगला आता कुठला राहायला! केव्हाच पडला असेल," राजगोपाल म्हणाले. हा त्यांचा कडा घासण्याचा भाग.

कारण कोल्लीमलै त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

*

पुढच्या रविवारी नात संयुक्ता फोन नाचवत आली. पंधरा वर्षांची, मराठी जेमतेम, तामिळ फर्डी.

"तात्ता, सापडला!"

"काय?"

"तुमचा बंगला. राहण्याच्या जागांची एक यादी होती. अगदी तळाला नुसतं 'बंगला' आणि एक नंबर. मी लावला. तिथल्या राखणदारानं मराठीत उचलला, तात्ता. आपल्या मराठीत."

त्यानं धाडलेल्या फोटोत निळं फाटक होतं. राजगोपाल हसले. डोंगरात निळी फाटकं काय थोडी असतात? पेंट स्वस्तात मिळतो. त्यांनी चष्मा पुसला. फाटकाच्या मागं फणस होता, आणि त्याच्या कमरेला तार गुंडाळलेली होती. तार जुनी होती. खोड तिच्यावरून वाढून गेलं होतं, जसं बोट अंगठीवरून वाढतं.

"बघ गं विद्या!" श्रीहरी ओरडला. "आणि आपण म्हणायचो, आप्पा थापा मारतात!"

विद्यालक्ष्मी हात पुसत आली, फोटो पाहिला आणि सासऱ्यांकडं बघून ओशाळून म्हणाली, "चुकलं हो मामंजी."

चाळीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही थापेची अशी माफी कुणी मागितली नव्हती. राजगोपालांच्या तोंडात कॉफी कडू झाली.

कारागीर माणूस. त्यांनी माप पुन्हा घ्यायचं ठरवलं. फाटक, झाड, घंटा यांच्यातून काही ठरत नव्हतं. जगात सगळं असतं. असं काहीतरी हवं, जे कुणाच्याच बंगल्यात नसेल आणि जे आजवर त्यांनीही कधी सांगितलं नसेल. खाली रस्त्यावर सलूनवाला शटर वर सारत होता.

"संयुक्ता, त्याला एक पुस. व्हरांड्यात न्हाव्याची खुर्ची होती. लाल रेक्झिनची, फिरणारी. ती आहे का अजून?"

"हे कधी बोलला नव्हतात, तात्ता."

"सगळं एकदम सांगायला मी काय पेपर आहे? पुस."

ती बाल्कनीत जाऊन बोलून आली. कपाळाला आठी होती.

"आहे म्हणाला. पण रिकामी नसते म्हणाला."

"म्हणजे?"

"तेच विचारलं. तर म्हणे, सकाळी धुकं असतं तोवर रिकामी नसते, नंतर तुम्ही बसा."

श्रीहरी हसला. "कुणी म्हातारं पाहुणं असेल कायमचं."

राजगोपाल हसले नाहीत. त्यांनी मोरीत जाऊन तोंडावर गार पाणी मारलं.

*

त्या आठवड्यात त्यांनी जमेल तेवढे खोडे घातले. गुडघे दुखतात. घाटात मला ओकारी होते. उटी बरी, तिथं बाग आहे. तरंगंबाडीलाच समुद्राकाठी चार दिवस राहू, डोंगर हवा कशाला?

"आप्पा," श्रीहरी शेवटी म्हणाला, "मला ती कुठं बसायची ते बघायचंय. बाकी काही नको. तिला आयुष्यात तेवढंच मिळालं. मला ते एकदा बघू द्या."

खरं सांगायचं, तर ते असं होतं.

दर वर्षी सरोजा म्हणे, कुठंतरी जाऊ, डोंगर बघू. दर वर्षी ते म्हणत, पुढच्या पोंगलला. ती समुद्र बघून होती तो मरीनाचा, आणि डोंगर बघून होती तो कॅलेंडरवरचा. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका रविवारी तिला ताप चढला आणि तिला एग्मोरकडच्या एका इस्पितळात ठेवलं. चार दिवस. इस्पितळाला निळं फाटक होतं. वॉर्डाला लांब व्हरांडा होता. बोलवायची घंटा होती, तिला लोळा नव्हता. अंगणात तारेनं बांधलेला फणस होता. शेजारच्या खाटेवर कुणाची तरी आई होती, आणि तिचा मुलगा हंबीरराव, तंजावरचाच, डाव्या हातानं सरोजाला थर्मासमधली कॉफी पाजायचा. राजगोपालांनी त्या चार दिवसांत दुसरं काही पाहिलंच नव्हतं. थापेला कच्चा माल आणणार कुठून?

पाचव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ते शिफ्टला निघाले. जायची सक्ती नव्हती. तिच्याकडं बघवेना, म्हणून निघाले. हंबीरराव म्हणाला, "जाऊन या. मी आहे इथं." आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, दारातून वळून ते सरोजाला म्हणाले, "येतो."

कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, चार दिवस होतास कुठं? खरं काही तोंडातून निघेना. राजगोपालांनी डबरा खाली ठेवला आणि म्हणाले, "आता मी जे सांगणार, त्यावर तुमच्यातलं कुणीही विश्वास ठेवणार नाही." मग मालकाची फियाट सुरू झाली. पंचेचाळिसावं वळण आलं. लोक पोट धरून हसत होते. गोष्ट चांगली रंगली होती, म्हणून ऑफिसातून फोनचा निरोप घेऊन आलेला शिपाई ती संपेपर्यंत दारात थांबला.

मुलगा मोठा झाला, आईबद्दल विचारू लागला. त्याला इस्पितळ कसं द्यायचं? त्यांनी त्याला बंगला दिला. फक्त महिना बदलला.

*

तिसऱ्या रविवारी बंगल्याचा मेसेज आला. संयुक्तानं मोठ्यानं वाचला. दोन खोल्या, चार माणसं. गरम पाणी आहे. रात्रीचं जेवण, पाच पानं.

"चार," श्रीहरी म्हणाला. "त्याला सांग, आपण चारच आहोत. केळीची पानं काय फुकट घालवायची?"

"राहू दे की," राजगोपाल पटकन म्हणाले. "एक जास्त म्हणजे काय झालं?"

पण तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर, सांबाराच्या भांड्याशेजारी ठेवला होता. घंटी बराच वेळ वाजली. मग उचलला गेला. आधी नुसता वारा आला, आणि लांबवर काहीतरी कुरकुरत होतं, फिरणारी खुर्ची कुरकुरते तसं.

"बोला, आक्का."

म्हातारा, सावकाश आवाज. राजगोपालांच्या हाताखाली टेबल गार लागलं.

"मेसेजमध्ये पाच पानं लिहिलीत. आम्ही चौघंच आहोत."

"होय तर. चौघं तुम्ही येणार. एक इथं आहे."

"इथं कोण?"

"रजिस्टरात लिहिलंय की, आक्का. साहेबांनीच लिहिलंय. फोटो धाडू?"

"फोन ठेव," राजगोपाल म्हणाले.

"साहेब जवळच आहेत होय?" आवाजाला आनंद झाला. "त्यांना सांगा, काळजी नको. मी आहे इथं."

फोन ठेवला गेला.

खाली एक गाडी गेली. काचा थरथरल्या आणि थांबल्या.

मग फोटो आला.

पिवळं पडलेलं रजिस्टर. उभ्या रेघा. श्रीहरीनं फोन ओढून घेतला.

"आप्पा, तुमचं अक्षर!" तो म्हणाला. "देवनागरीतली सही. विद्या, बघ, 'राजगोपाल आणि सरोजा'. दोघांचं नाव आहे."

तो बोट फिरवत वाचत होता. देवाचं काही वाचावं तसं.

"आले, दोन. सतरा दोन पंच्याऐंशी."

बोट पुढच्या रकान्यात गेलं.

"गेले..."

तो थांबला.

विद्यालक्ष्मीनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

राजगोपालांनी मान वळवली नाही. न बघताही ते त्यांना दिसत होतं. गेले, एक. एकवीस दोन पंच्याऐंशी. सकाळी सव्वासात. आणि शेराच्या रकान्यात, त्यांच्याच हातानं, घाईघाईत लिहिलेला एकच शब्द. येतो.

संयुक्ता फोनकडं बघत होती. मग तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, त्याखालच्या पट्टीकडं. पुन्हा फोनकडं.

"तात्ता," ती म्हणाली, "तुम्ही खोटं सांगितलंत. आजी तिथून परत आलीच नाही."