गलबतातली ऑर्डर

सोमवार ते शुक्रवार मी तळेगावच्या एका शाळेत नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि शनिवारी खाते. खाते म्हणजे पुण्याच्या एका साप्ताहिकासाठी लोणावळ्याच्या आसपासच्या हॉटेलांवर लिहिते. दिवाळीनंतरच्या अंकाला संपादकांनी विषय दिला होता : घरच्या कपड्यांत जाऊन बसावं अशी साधी अमेरिकन हॉटेलं. चार ठिकाणं खाऊन झाली होती. दोन ठिकाणचा बर्गर म्हणजे पावात दडवलेली बटाट्याची टिक्की होती. एका ठिकाणचं फ्राइड चिकन चांगलं होतं. चौथ्याबद्दल न लिहिलेलंच बरं. पाचवं कुसगावचं.

पाटीवर 'गॅल्व्हेस्टन' असं नाव आहे. गावातले लोक त्याला 'गलबत' म्हणतात आणि ते अगदीच चूक नाही. मालक प्रदीप गायकवाड अकरा वर्षं एका प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात होता. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन नावाच्या बंदरातून ते जहाज सुटायचं. आठवड्यातून मिळणाऱ्या पाच-सहा तासांत बाकीचे लोक खरेदीला जायचे, आणि प्रदीप तिथल्या साध्या खाणावळींत बसून बघायचा, कोण काय खातं आणि ते कसं केलंय. परत आल्यावर त्याने जुन्या हायवेला लागून एक पत्र्याची शेड घेतली. सहा टेबलं, लाल रेक्झिनची बाकं, गल्ल्याजवळ बुद्धाची छोटी मूर्ती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत ताट सरकवायला एक चौकोनी खिडकी. खिडकीमागे त्याची बायको रेणुका. तिचं माहेर भाजे. अमेरिका तिने पाहिलेली नाही, पण हात तिचा.

पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि बाहेर धुकं होतं. मी हेल्मेट बाकावर ठेवलं, हातमोजे काढले आणि मेनूकार्ड उघडलं, तोच प्रदीपने समोर ताटली ठेवली. बिस्किट आणि ग्रेव्ही. बिस्किट म्हणजे आपलं चहातलं नव्हे. खारीसारखे पापुद्रे सुटणारा गरम मऊ पाव. वर पांढरी ग्रेव्ही, तिच्यावर भरपूर मिरी.

"मी अजून काही सांगितलं नाही," मी म्हणाले.

"मिरी जास्त, अंडं नको. बरोबर ना?" प्रदीपने विचारलं. तो जरा ओशाळला होता.

बरोबर होतं. कामशेतला चहाला थांबले तेव्हा फोनवर त्यांचं मेनूकार्ड बघून मी हेच ठरवलं होतं. मिरीचंही. कोणाशी बोलले मात्र नव्हते.

योगायोग म्हणून मी ते सोडून दिलं. ताटली संपेपर्यंत आतून चार बर्गर बाहेर आले आणि रिकाम्या टेबलावर मांडले गेले. एकात चीज नव्हतं. मिनिटभरात पिंपरीची गाडी थांबली. नवरा, बायको, दोन मुली. धाकटी आत शिरता शिरता म्हणाली, "मला चीज नको हं."

मी उठून खिडकीपाशी गेले.

"तुम्हाला कसं कळतं?"

रेणुकाने हात पदराला पुसले. "ऐकू येतं, मॅडम. माणूस यायच्या आदी वीस-पंचवीस मिन्टं. हितं खिडकीत उभं राहून बोलल्यावानी. जसं सांगणार तसंच."

"कधीपासून?"

"शेड घेतली तवापास्नं. पयल्यांदा लय भ्याले. ह्यांना बोलले, इकून टाका. मग म्हटलं, वाईट काय सांगतंय? भूक लागली येवढंच सांगतंय ना." ती जरा थांबली. "तीन-चार वेळा बंद करायचं ठरलं, मॅडम. गिऱ्हाईक नसायचं. पर कोण ना कोण बोलायचंच. येणाऱ्याला उपाशी कसं धाडायचं?"

माझ्या डोक्यात वर्ग सुरू झाला. शेडचं छत अर्धगोल होतं. अशा छताखाली एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, हे मी दरवर्षी शिकवते. मी प्रदीपला दाराशी उभं करून कुजबुजायला लावलं. खिडकीत काहीच ऐकू आलं नाही. शिवाय त्या सिद्धांतात एक मोठी अडचण होती. छत आवाज लांब नेऊ शकतं, वेळेच्या आधी नाही.

पुढच्या शनिवारी वही घेऊन गेले आणि स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. रेणुकाची हरकत नव्हती. ती मध्येच थांबायची, मान थोडी तिरपी करायची, आणि मग तव्याकडे वळायची. मी वेळ आणि पदार्थ लिहून घ्यायचे. मला फक्त तेलाचा आणि एक्झॉस्ट पंख्याचा आवाज येत होता. अकरा वाजेपर्यंत तिने नऊ वेळा मान तिरपी केली. नऊही माणसं आली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती पुन्हा थांबली आणि हसली.

"आता ह्ये कोण? पॅनकेक मागतोय. वर मध नको म्हणतोय, गूळ-तूप पायजे. आन बाजूला लसणाची चटणी. असं कुणी खातं व्हय?"

पेन माझ्या हातातच राहिलं.

असं खाणारा एकच माणूस मला माहीत होता. माझा धाकटा भाऊ श्रीयश. घरी घावन झालं की एक घास गूळ-तुपाचा आणि एक लसणाच्या चटणीचा. आई म्हणायची, पोट बिघडेल. त्याचं कधी बिघडलं नाही.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्याने कॉलेज सोडलं आणि एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. बाबांनी त्याला सुनावलं. एकदाच, पण त्याच्या मित्रांसमोर. दुसऱ्या दिवशी तो गेला. या गोष्टीला सहा वर्षं झाली. पहिलं वर्षभर मला फोन करायचा, मग नंबर बंद झाला. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात बाबा गेले, तेव्हा मी गोव्यातल्या नि कोल्हापुरातल्या हॉटेलांत फोन करकरून थकले. त्याला कळवता आलं नाही.

मी वहीत लिहिलं : ११.१०. पॅनकेक, गूळ-तूप, लसणाची चटणी. खाली लिहिलं : महाराष्ट्राची लोकसंख्या बारा कोटी. असं खाणारे शेकड्यांनी असतील. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

रेणुकाने गूळ किसायला घेतला. चटणी तिच्याकडे घरचीच होती. मी हॉलमध्ये येऊन दाराकडे तोंड करून बसले.

अकरा-वीस.

अकरा-पंचवीस. बाहेर हॉर्नचे आवाज वाढले. प्रदीप डोकावून आला आणि म्हणाला, "घाटात कंटेनर आडवा झालाय. मुंबईच्या सगळ्या बसेस इथंच खोळंबल्यात."

अकरा-बत्तीस. चार-पाच माणसं पाय मोकळे करायला उतरली आणि शेडकडे आली. सर्वांत मागे पाठीवर सॅक घेतलेला एक दाढीवाला माणूस होता. तो गल्ल्यापाशी थांबला. त्याने पाटी वाचली, मेनूकार्ड बाजूला सारलं.

"पॅनकेक आहेत ना? एक करा. मध नको, गूळ-तूप असेल तर द्या. आणि जमलं तर बाजूला थोडी लसणाची—"

"श्री," मी म्हणाले.

तो वळला. मग जवळ येऊन समोरच्या बाकावर बसला. सॅक काढायचंही त्याला सुचलं नाही.

"ताई, तू इथे काय करतेस?"

"खाते," मी म्हणाले. दोघंही हसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

प्रदीपने पॅनकेक आणून ठेवले, गरम. श्रीने एकदा ताटलीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पहिला घास मोडला. तो कोल्हापूरहून मुंबईला नव्या नोकरीवर निघाला होता. मुख्य आचारी म्हणून. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बोलता बोलता त्याने माझ्या बाजूचं पाणी पिऊन टाकलं, लहानपणी प्यायचा तसं.

"आई घरी आहे?"

"आहे."

"मी आलो तर चालेल?"

"तू विचारतोस काय?" मी म्हणाले. "स्कूटरच्या डिकीत दुसरं हेल्मेट आहे. माझ्या मागे बस आणि चल."

त्याने घास घेतला. मग खाली बघतच विचारलं, "बाबा बोलतील का माझ्याशी?"

हे त्याला कसं सांगायचं याचा मी दोन वर्षं विचार केला होता. मी पुढे सरकून बसले.

तेवढ्यात रेणुका स्वतः बाहेर आली. तिच्या हातात चहाचा कप होता. तो तिने श्रीशेजारच्या मोकळ्या जागेसमोर ठेवला.

"बिनसाखरेचा. दूध थोडं. आलं ठेचून घातलंय, किसून न्हाई."

"आम्ही चहा सांगितला नाही," मी म्हणाले.

"सांगितला की," ती म्हणाली आणि आत गेली.

श्री कपाकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "बाबा आलेत बरोबर? आधी का नाही बोललीस? बाहेर आहेत का?" तो उठून दाराकडे निघाला.

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं.

मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बाबा सकाळी फिरायला बाहेर पडले आणि मैदानावरच गेले. शेवटचं वर्षभर रोज विचारायचे, पोराचा काही फोन? एकदा म्हणाले, मी त्याला चारचौघांत बोलायला नको होतं.

श्री आवाज न करता रडला. मी त्याचा हात सोडला नाही. बाहेरचे हॉर्न थांबले, बसेस हलायला लागल्या. कंडक्टरने दोनदा हाक मारली. श्रीने हातानेच त्याला जा म्हणून सांगितलं.

तो तोंड धुवायला उठला तेव्हा मी खिडकीपाशी गेले.

"चहाचं कोणी सांगितलं? खिडकीतून आला का आवाज?"

रेणुका तवा पुसत होती. "रोज खिडकीतच येतो, मॅडम. ह्यो न्हाई. ह्यो तुमच्या टेबलावरनं आला."

"कधी?"

"तुमचा भाऊ बसला ना, तवाच."

मी परत आले. श्री तोंड पुसून बसला आणि उरलेले पॅनकेक त्याने नीट संपवले, एक घास गुळाचा, एक चटणीचा. मग म्हणाला, "चल ताई. आईकडे जाऊ." आवाज स्थिर होता. कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी हेल्मेट उचललं, त्याने सॅक खांद्याला लावली.

खिडकीतून रेणुका डोकावली. ती आमच्याकडे बघत नव्हती. चहाच्या कपासमोरच्या मोकळ्या जागेकडे बघून, पाहुण्याशी बोलावं तसं अदबीने तिने पदर सावरला आणि मग मला म्हणाली,

"बसा वाईच. चहा निवला म्हणत्यात. दुसरा करून आणू का?"