तिसऱ्या ओळीतला सुरुंग

“सिदू, खडे सांभाळ! धडाम झालं की एक खडा मांडायचा. सहा झाले की खाली नवी ओळ!” बसव्वानं बजावलं.

सोलापूरबाहेरच्या दगडाच्या खाणीपासून दूर, मातीच्या बांधाआड तिघं पालथी पडली होती. बारा वर्षांची बसव्वा, तिचा धाकटा भाऊ सिदू आणि शेजारचा गुंडा. उन्हाळ्याची सुट्टी होती. पण सहाचा पाढा काढला, की सिदूचं तोंड अजूनही कोरडं पडायचं. म्हणून सकाळी बसव्वानं त्याला खडकात पाडलेली भोकं दाखवली होती. चार ओळी, प्रत्येक ओळीत सहा भोकं. प्रत्येक भोकात सुरुंगाची दारू ठासलेली.

“पाठ करू नको. सहा आणि सहा?”

“बारा.”

“त्यात अजून एक ओळ?”

सिदूनं बोटांवर मोजलं. “अठरा. अन् अजून सहा म्हंजे... चोवीस! सहा चोक चोवीस ते हेच व्हय?”

“हेच की!”

आता वाती पेटल्या होत्या. पुढच्या ओळीच्या वाती मागच्या ओळीपेक्षा लांब ठेवलेल्या असत. त्यामुळे सुरुंग एकेक करून, ओळीओळीनं उडत आणि दोन ओळींच्या मधे जरा शांतता होई.

धडाम! बसव्वाची अव्वा, म्हणजे आई शांतम्मा, याच खाणीत दगड वाहायची. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीत पाच आवाज झाले आणि एकदम सगळं गप्प!

सिदू खडा हातात धरून वाट बघत राहिला. मग चौथी ओळ सुरू झाली. सहाच्या सहा आवाज स्पष्ट आले.

“अक्का, तिसऱ्या ओळीत जागा मोकळी ऱ्हायली,” सिदू कुजबुजला.

“दोन एकदम उडाले असतील,” गुंडा म्हणाला.

“मग त्यो आवाज मोठा नसता का आला?” बसव्वा उठून बसली. “गुंडा, एक सुरुंग आत तसाच हाय!”

तिघं धावत सुटली. रावजी मुकादम कडुनिंबाखाली बिडी ओढत होता.

“मुकादम, कुणाला आत सोडू नका! तेवीसच उडाले!”

“चल, पळ! मी बहिरा हाय का?”

“तुमी मोजले का?”

“कार्टे, मला शिकवतीस? सांजच्याला गाड्या भरायच्या हायत!” मुकादमानं शिट्टी फुंकली.

शिट्टी म्हणजे काम सुरू! टोपल्या घेतलेल्या बाया खाणीत उतरू लागल्या. सगळ्यांत पुढे अव्वा होती!

“अव्वा! माघारी ये!” बसव्वा जिवाच्या आकांतानं ओरडली. पलीकडे खडी फोडणाऱ्यांचे घण वाजत होते. तिचा आवाज कुठंच पोचला नाही.

कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. सुरुंग पेटवण्याआधी तो वाजवत. वाजला, की हातातलं टाकून पळायचं, हे खाणीतल्या लहानथोरांना ठाऊक होतं. पण मुकादम त्याच्याच शेजारी उभा! बसव्वानं गुंडाकडे पाहिलं, मग रुळाकडे. गुंडाला कळलं.

“मुकादम! साहेबांचा टांगा आला!” तो रस्त्याकडे हात करून ओरडला.

मुकादमानं बिडी फेकली, पटका सारखा केला आणि रस्त्याकडे धूम ठोकली. बसव्वानं रुळाजवळ ठेवलेला हातोडा दोन्ही हातांनी उचलला. ठण्! ठण्! ठण्!

खाणीत एकच पळापळ झाली. टोपल्या पडल्या, बाया वर धावल्या. अव्वा मात्र म्हाताऱ्या मथुराबाईला हाताला धरून चढत होती. किती हळू! बसव्वा हातोडा मारतच राहिली. शेवटी दोघी बांधाआड शिरल्या आणि तेवढ्यात परतलेल्या मुकादमानं बसव्वाचं मनगट पकडलं.

“समद्यांचा खोळंबा केलास! तुज्या आईला उद्यापास्नं कामावर ठेवत न्हाय!”

बसव्वानं खाणीकडे नजर लावली. खाण शांत होती. वारासुद्धा पडला होता. आपली चूक झाली असेल तर? एखादा आवाज सिदूच्या ऐकण्यातून सुटला असेल तर? अव्वा तिच्याकडेच बघत होती.

धडाम!

जमीन हादरली. खाणीतून दगडधोंडे उसळले. मघाशी बाया उभ्या होत्या त्याच जागी ते येऊन आदळले! धुमसत राहिलेली वात आत्ता कुठं दारूपर्यंत पोचली होती.

मुकादमाचा हात आपोआप सुटला. “पोरी... चुकलो मी,” तो म्हणाला.

मथुराबाईनं तिघांच्याही तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “लेकरांनो, लई मोटं काम केलंत! आज इतक्या घरच्या चुली तुमच्यामुळं पेटणार!”

“बसव्वा, आजपास्नं तू सांगितल्याबिगर कुणी खाली उतरायचं न्हाय,” मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला.

बसव्वाला ते धड ऐकूही आलं नाही. अव्वा धुळीतच बसली आणि तिनं हात पसरले. एवढी मोठी मुलगी सगळ्यांसमोर आईच्या मांडीत शिरली आणि हमसून हमसून रडू लागली.