रिकाम्या झुल्याचं वजन

रविकांतरावांचा दुसऱ्यानं ठोकलेल्या कुठल्याही हुकावर विश्वास नव्हता. पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून आयुष्य गेलेलं. लग्नाच्या मांडवात शिरले तरी आधी मान वर करून बांधणी बघायचे आणि मग यजमानांना नमस्कार. बायकोनं, रमाबाईंनी, या सवयीपुढे कधीच हात टेकले होते. त्यामुळे अकोल्याहून, जठारपेठेतल्या व्याह्यांकडून, स्वरालीच्या डोहाळजेवणासाठी वेताचा गोल झुला आला, तेव्हा तो लगेच टांगला जाईल अशी आशा घरात कुणी धरली नाही.

स्वराली त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मधे दोनदा आशा लागून मोडली होती. या खेपेला सातवा लागला तसे रविकांतराव स्वतः अकोल्याला गेले आणि तिला अमरावतीत, साईनगरच्या घरी घेऊन आले. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्ता खराब होता, तिथे ड्रायव्हरच्या आधी त्यांचाच पाय ब्रेक शोधत होता. पोरीचं हे बाळ सुखरूप जन्माला यावं, यापलीकडे त्यांना देवाकडे आता काही मागायचं नव्हतं. देवाशी त्यांचं फारसं बोलणं नसे, ही गोष्ट वेगळी.

पोर्चच्या छताला पंख्याचा हुक होता, त्यालाच झुला अडकवा, असं रमाबाईंनी सुचवलं. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो, माणूस झोका घेतो तेव्हा छतावर त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार येतो, हे रविकांतरावांनी त्यांना चहा गाळता गाळता समजावलं. चहा निवला. मग वेल्डिंगवाल्या बंडूला बोलावून त्यांनी स्लॅबला गच्चीपर्यंत आरपार भोक पाडून घेतलं. वर जाड लोखंडी प्लेट, तिच्यावर दुहेरी नट, पाणी झिरपू नये म्हणून सिमेंटचा थर. खाली नवा हुक, हुकाला फिरती कडी, कडीला स्प्रिंग आणि स्प्रिंगला झुला.

एवढ्यावर भागणार नव्हतंच. शेजारच्या रामरावांकडे धामणगावच्या शेतातली तूर पोत्यांनी पडली होती. त्यातलं एक पोतं आणून त्यांनी झुल्यात बसवलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं. पोतं उतरवल्यावर स्प्रिंग मुकाट्यानं जागेवर गेली. रिकाम्या झुल्याचा तळ भिंतीवरच्या टाइल्सच्या वरच्या कडेला अगदी बरोबरीत आला. रविकांतरावांना बरं वाटलं. मग हुक कुरकुरतो का, कडी घासते का, हे बघायला त्यांनी खुर्ची टाकली आणि दुपारभर रिकामा झुला हलवत बसले.

रामरावांच्या दुर्गाबाई पोत्याची चौकशी करायला आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"भाऊ, रिकामा झोका काहून हालवून राहिले? घरात पोटुशी पोरगी हाये."

रिकामाच हलवून बघावा लागतो वहिनी, भरलेला पडला तर कुणाला विचारायचं, असं म्हणून रविकांतराव हसले. दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन झुला हातानं थांबवला, पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवला आणि पोतं मागाहून नेते म्हणून निघून गेल्या.

डोहाळजेवण झोकात झालं. बायकांनी झुल्याला मोगऱ्याच्या माळा गुंडाळल्या, स्वरालीला हिरव्या साडीत आत बसवलं, ओटी भरली. जुन्या गाण्यांची निम्मी कडवी कुणालाच येत नव्हती, ती तशीच रेटून म्हणण्यात आली. रविकांतराव स्वयंपाकघराच्या दारातून फक्त स्प्रिंगकडे बघत होते. स्प्रिंग ठीक होती.

त्यानंतर स्वरालीला झुल्याचं वेडच लागलं. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आधी आणि संध्याकाळी सडा टाकल्यावर ती तिथे जाऊन बसायची. बसताना आणि उठताना झुला धरून ठेवायचं काम रविकांतरावांनी आपणहून स्वतःकडे घेतलं होतं.

एका सकाळी कुंड्यांना पाणी घालताना त्यांचं लक्ष गेलं. झुला रिकामा होता आणि त्याचा तळ टाइल्सच्या कडेखाली आला होता.

नवी स्प्रिंग थोडी बसतेच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चार-सहा दिवसांनी तळ आणखी खाली होता. त्यांनी बंडूकडून जाड तारेची स्प्रिंग आणून लावली. तीही तशीच उतरू लागली. गादी उन्हात टाकली, वेत चाचपून पाहिला. पण वऱ्हाडातल्या मे महिन्यात, जिथे पिळलेलं धोतर दोरीवर जाईपर्यंत वाळतं, तिथे वेत ओल कुठून धरणार? शेवटी जावयानं प्रवासासाठी ठेवलेला बॅगा तोलायचा काटा त्यांनी मधे अडकवून पाहिला. झुल्याच्या खोक्यावर जे वजन छापलं होतं, त्यापेक्षा काटा जास्त दाखवत होता. त्यांनी तोच काटा घरातल्या पिठाच्या पिशवीवर लावून पाहिला. पिशवीचं वजन बरोबर आलं.

याच सुमारास सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजमाप घेतलं. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण मागच्या वेळेपासून वजन मुळीच वाढलेलं नाही, म्हणाल्या. थोडे दिवस वाट बघू. नाही वाढलं तर मुदतीआधीच मोकळं करावं लागेल आणि एवढ्याशा बाळाची खात्री देता येणार नाही. घरी आल्यावर स्वराली पर्ससकट झुल्यात जाऊन बसली.

रविकांतरावांनी झुला धरला होता. ती बसली तशी स्प्रिंग खाली आली. बऱ्याच वेळानं ती उठली तशी स्प्रिंग वर गेली, पण आली होती तेवढी गेली नाही. त्यांच्या तळहाताखाली झुला जड होता. त्यात कुणी नव्हतं.

खात्यात असताना त्यांनी गळके कालवे, खचलेले भराव पाहिले होते. एका जागचं पाणी घटलं की ते दुसऱ्या कुठेतरी साचलेलं असतं, हा हिशेब त्यांच्या हाडीमांसी भिनला होता. तो इथे लावायचा नाही, असं त्यांनी निक्षून ठरवलं, आणि रात्रभर तोच लावत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वरालीला झुल्यात बसू दिलं नाही. नट ढिला झालाय, असं सांगितलं. रमाबाई चकित झाल्या. यांचा नट ढिला होतो म्हणजे काय? स्वरालीनं वाद घातला नाही. ती पोर्चच्या पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, इथे बसलं की बाळ हलते. आत पलंगावर मला काहीच समजत नाही."

रविकांतरावांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण त्यांनी हात मागे बांधून ठेवले.

जेवणं झाल्यावर घर निजलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ऊन फाटकाच्या गजांवरून डोळ्यांत येत होतं. आतून कूलरची घरघर आणि वाळ्याचा वास तेवढा येत होता. रविकांतराव स्टूल घेऊन पोर्चमध्ये आले. झुला उतरवायचा, बंडूला देऊन टाकायचा, विषय संपवायचा.

ते स्टुलावर चढले. एका हातानं झुला खालून उचलून धरला आणि दुसऱ्या हातानं स्प्रिंगच्या टोकातून झुल्याची कडी सोडवू लागले. वजन चांगलंच होतं. कडी निघत आली तेव्हा ते वजन झुल्यात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेलं. गादी जागची हलली नाही.

झोपेत कूस बदलावी, तसं ते झालं.

कडी सुटली. झुला त्यांच्या हातात आला आणि एकदम हलका झाला, दुकानात असतो तेवढा. त्यांनी तो खाली ठेवला, श्वास सोडला आणि वर पाहिलं.

स्प्रिंग वर गेली नव्हती.

तिच्या टोकाला काही नव्हतं. वेढे उघडे पडले होते, ताणलेले, आणि रिकामं टोक संथपणे मागेपुढे होत होतं. वारा नव्हता.

रविकांतरावांनी टोकाखालून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. आपण म्हातारे झालो, उन्हानं डोकं फिरलं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. पण त्याच वेळी दुसरंही आलं: हे पडलं तर? फरशी खाली होती. कठीण, तापलेली फरशी.

त्यांनी दोन्ही हात एकत्र करून ओंजळ केली आणि खालून हळूच वर उचलली.

वजन हातात आलं. कोमट होतं.

स्प्रिंग एकेक वेढा मिटत वर गेली आणि थांबली.

ते स्टुलावरून कसे उतरले, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. कोपरानं दार लोटून ते आत गेले. रमाबाई चटईवर निजल्या होत्या. स्वराली कुशीवर होती. तिच्या पोटाजवळ गादीवर त्यांनी हात टेकवले आणि वाट पाहिली. वजन जाईना. ते गुडघ्यांवर तसेच राहिले. पाठ भरून आली, कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. मग कधीतरी हात हलके झाले.

स्वरालीनं डोळे उघडले. वडिलांना असं गुडघ्यांवर पाहूनही तिला काही विचारावंसं वाटलं नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हलून राहिलं."

पुढच्या सोनोग्राफीत वजन वाढलेलं निघालं. दिवस भरले, मुलगी झाली, चांगली गुटगुटीत झाली. जावई अकोल्याहून पेढे घेऊन आले. झुला बंडूच्या घरी गेला आणि त्याची बायको त्यात बसून तूर निवडू लागली. तिथे त्याला काही झालं नाही. रविकांतरावांनी स्लॅबमधला हुक कापून घेतला, भोक बुजवलं, वर रंग दिला. रात्री त्यांना झोप लागू लागली. आपल्याला त्या दुपारी ऊन लागलं होतं, असं ते आता मनाशी ठामपणे म्हणू शकत होते.

दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी सगळेच दवाखान्यात गेले. सिस्टरनं बाळाला कपडे उतरवून काट्याच्या ताटात ठेवलं, आकडा पाहून शाबासकी दिली, लस टोचली. थोडं रडून नात पुन्हा पेंगली. सिस्टरनं तिला दुपट्यात गुंडाळून रमाबाईंच्या खांद्यावर दिलं.

"अगं बाई," रमाबाई म्हणाल्या, "ही तर हाताला लागूनच नाही राहिली."

स्वराली हसली. आज्जीला नातीचं काहीच जड होत नाही, म्हणाली. दोघी दाराकडे निघाल्या.

काट्यावरचा आकडा गेला नव्हता. ताट रिकामं होतं. सिस्टरनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, काटा बिघडला वाटतं म्हणाली आणि ताट पालथं करून झटकायला हात पुढे केला.

"राहू द्या," रविकांतराव म्हणाले.

त्यांचा आवाज असा होता की सिस्टरनं हात मागे घेतला. त्यांनी रिकाम्या ताटात दोन्ही हात घातले आणि ओंजळ वर उचलली. आकडा शून्यावर आला.

ते जिन्यावरून एकेक पायरी जपून उतरू लागले, कोपरं अंगाशी धरून. पुढे रमाबाईंच्या खांद्यावर नात गाढ झोपली होती. तिचे दोन्ही हात दुपट्याबाहेर लोंबत होते आणि तळवे उघडे होते.

रविकांतरावांच्या ओंजळीत कुणीतरी त्यांचा अंगठा मुठीत घट्ट धरला.