येऊ दे, येऊ दे

मामांनी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं, हात पुसले आणि भाचीच्या गाडीची किल्ली तिला न देता स्वतःच्या खिशात टाकली.

"ब्रेक चांगले आहेत, टायर चांगले आहेत. उद्या जा खुशाल. पण एकटी चाललीस, तर एक गोष्ट ऐकून जा. आणि तुझ्या या भावालाही मान वर काढायला सांग. मघापासून मोबाईलमध्ये बुडालाय."

"भुताची असेल तर नको," भाचा म्हणाला. "मला रात्री पाणी प्यायला उठावं लागतं."

"भुताची आहे की कशाची, ते तूच ठरव. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो, बाकीचं त्यानं सांगितलं तसं."

मग मामा टायरवर टेकले आणि बोलू लागले.

कोपऱ्यावरचा चष्मेवाला माझा शाळेपासूनचा मित्र. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात, एका गुरुवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. म्हणाला, "मागचा दिवा लागत नाहीये. चार दिवस डोंगरात चाललोय. एकटाच."

मी आपला सवयीनं बोलून गेलो, "एकटाच? मग रिव्हर्स घेताना मागे कोण बघणार?"

बोललो आणि जीभ चावली.

त्याचा धाकटा भाऊ तसाच गेला होता, त्याच्याही बारा वर्षं आधी. दोघं दर हिवाळ्यात गाडी काढायचे. कुठे तळ्याकाठी थांब, कुठे एखादा डोंगर चढ, असं मनाला येईल तसं. मोठा गाडी चालवायचा. वळवायची वेळ आली की धाकटा उतरून मागे उभा राहायचा. "येऊ दे दादा, येऊ दे, येऊ दे... बस." आणि डिकीवर दोन थापा. त्या वर्षी दरीच्या कडेला गाडी वळवताना तो असाच मागे उभा होता. गाडी मागे आली, तो मागे सरकला, आणि तिसऱ्या दिवशी खाली नदीत सापडला.

"त्यानं बस म्हटलंच नाही." मोठ्या भावानं पोलिसांना हेच सांगितलं, शेजाऱ्यांना हेच आणि आईलाही हेच. सगळ्यांना पटलं, कारण धाकटा होताच जरा वेंधळा. त्यांची आई मला कितीदा म्हणाली असेल, "मेल्याला एवढं एक साधं काम जमलं नाही." मेला हा शब्द ती त्याला लहानपणापासून लाडानं म्हणायची. नंतरही तिनं तो सोडला नाही.

चष्मेवाला रोज दुकान बंद करून आईकडे जायचा. ती फार बोलायची नाही. "आलास? बस." एवढंच. तो अर्धा तास बसायचा आणि उठून घरी जायचा.

मी दिवा बसवून दिला. गाडीत बसताना तो म्हणाला, "परत आलो की आईला एक गोष्ट सांगायची आहे. बारा वर्षं घशात अडकलीय. तिथं जाऊन आल्याशिवाय ती बाहेर यायची नाही."

मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गुरुवारी तो तळ्यावर थांबला. पाण्यावर वाफ होती आणि बदकं. शुक्रवारी जुन्या पुलावर. शनिवारी दुपारी तो त्या दरीवरच्या मैदानात पोचला, गाडी लावली आणि शिखराकडे चालायला लागला. दोन तासांची चढण. पूर्वी धाकटा पुढे पळायचा आणि वरून ओरडायचा, "आलास का म्हाताऱ्या?" तेव्हा मोठा होता चौतीस वर्षांचा. आता खरंच केस पांढरे झाले होते आणि वर ओरडणारं कुणी नव्हतं. वर बसून त्यानं पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. खाली सगळी दरी धुक्यानं भरत चालली होती.

उतरायला उशीर झाला. डिसेंबरचा दुसरा शनिवार. गाडीत बसला तेव्हा घड्याळात सहा चाळीस झाले होते. अंधार. मैदानात दुसरी गाडी नाही. थंडी अशी मी म्हणत होती की स्टिअरिंग हाताला चटका देत होतं. गाडीचं तोंड डोंगराकडे. वळवायची तर मागे घ्यायला हवी. मागे दरी.

त्यानं चारही काचा खाली केल्या.

"एवढ्या थंडीत?" भाचीनं विचारलं.

"हो. का, ते सांगतो पुढे."

रिव्हर्स टाकला. मी बसवलेला दिवा लागला. मागे नुसतं पांढरं धुकं. त्यानं हळूच क्लच सोडला.

"येऊ दे..."

त्याला वाटलं, वारा आहे.

"येऊ दे दादा... येऊ दे..."

वारा दादा म्हणत नाही.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. आरशातही नाही. मला म्हणाला, पाहिलं असतं आणि कुणी नसतं, तर ते मला सोसलं नसतं.

गाडी मागे जात होती. दोन हात. चार हात.

"येऊ दे..."

काठ कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. त्याला नाही, तर कुणाला? ब्रेकवर पाय होता. दाबला नाही. तो वाट पाहत होता. एकाच शब्दाची.

"येऊ दे..."

"म्हण," तो म्हणाला. "म्हण ना रे..."

मागून काही नाही.

"म्हण..."

काही नाही.

मागचं चाक कशावर तरी चढलं. अडलं. इंजिन बंद पडलं.

डिकीवर दोन थापा.

मग नुसतं धुकं...

मामा थांबले. भाच्याचा मोबाईल केव्हाच खिशात गेला होता.

सकाळी सहाला मला फोन आला. रात्रभर तो जागचा हलला नव्हता. मी नऊला दोर घेऊन पोचलो. गाडीचं एक मागचं चाक काठापासून वीतभर. दुसऱ्या चाकामागे दगड लावलेला. आपण चढावर लावतो तसा, नीट, घट्ट बसवून.

मी गाडी ओढून काढली आणि तो दगड उचलला. त्या मैदानात सगळी काळी, धारदार खडी आहे, बूट फाडणारी. आणि हा दगड गुळगुळीत, अंड्यासारखा. खालच्या बाजूला शेवाळ. पाण्यानं निथळत होता. असे दगड नदीत असतात. नदी तिथून हजार फूट खाली.

परत येताना गाडीत तो बोलला. "त्या दिवशी उतरताना धाकटा म्हणाला, पुढच्या महिन्यापासून मी दुकानात बसणार नाही, मला माझं काहीतरी करायचंय. मला असा राग आला... गाडीत बसलो आणि काच वर केली. त्याचा आवाज नको होता मला. तो बस म्हणाला असेल. ओरडला असेल. मला ऐकूच आलं नाही. आणि मी सगळ्यांना सांगितलं, तो म्हणालाच नाही."

तसाच तो आईकडे गेला. मी मागे, दगड हातात घेऊन दारात. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"काच किती वर होती?"

"पूर्ण," तो म्हणाला.

तिनं माझ्या हातातला दगड घेतला, मांडीवर ठेवला, पदरानं पुसला. परत पुसला. तो उभा होता. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

"पण मामा," भाची हळूच म्हणाली, "मारायचं होतं, तर दगड कशाला लावला?"

"आणि वाचवायचं होतं, तर बस का नाही म्हटलं? तीन वर्षं मी हेच धरून बसलोय. त्याला विचारायची माझी छाती नाही. तो अजून रोज जातो आईकडे. दुकान बंद केलं की अर्धा तास. जातो, उभा राहतो, परत येतो."

मामांनी किल्ली काढून भाचीच्या हातावर ठेवली.

"आणि तो दगड?" भाच्यानं विचारलं.

"म्हातारीनं दाराला लावलाय. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. जाऊन बघ हवं तर, दार दिवसभर उघडंच असतं. मे महिन्यातसुद्धा त्याच्याखालची फरशी ओली असते. ती रोज सकाळी पुसते."