कुठल्या वाटेनं

दुपारचा चहा झाला, की कसबा बावड्यातल्या त्या छोट्या दवाखान्यात विद्याश्री सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन निघायची. औषध खरं, माप खरं, वेळ खरी. पण वाट चुकली की सगळंच चुकलं, हे तिचं बारा वर्षांचं शहाणपण. तोंडावाटे, शिरेवाटे की दंडात, हे कागदावर दोनदा वाचल्याशिवाय तिचा हात हलत नसे.

चौथ्या खाटेवर बायडाबाई होत्या. लकव्यानं वाचा गेलेली, औषधं सलाइनमधून. आज मात्र कागदावर होतं : गोळी, तोंडावाटे.

"आंबिलीतनं द्या की सिस्टर," सून राजनंदिनी हरखली. "धा दिस झालं, आत्तींनी कशाचीच चव बघिटली न्हाय." आंबील ठेवून ती डबा धुवायला गेली.

विद्याश्रीनं गोळी चुरून आंबिलीत कालवली. चमचा ओठांशी नेला.

"तोंडाची वाट नगं गं बाई. निजलीया अजून."

आवाज पाठीमागून आला. जात्यावर बसलेल्या बाईचा असावा तसा, मऊ, घरघरता. मागं कुणीच नव्हतं. खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास तेवढा येत होता.

तिनं आधी चमचाभर पाणी पाजून बघितलं. बायडाबाईंना असा ठसका लागला, की छाती घुरघुरली. आंबील असती तर थेट फुप्फुसात. डॉक्टरांनी कागद बदलला : शिरेवाटेच.

मग ते रोजचंच झालं. "ह्या शिरेत नगं, गाठ हाय." चाचपलं तर गाठ असायचीच. माहेरच्या सांगाव्याची बघावी तशी विद्याश्री ट्रे धरून त्या आवाजाची वाट बघू लागली. तिला बरं वाटायचं.

त्या ठसक्यानंतर नवव्या दिवशी आवाज आला, "उघडली गं वाट."

पाणी अलगद उतरलं. मग आंबीलही. बायडाबाईंचे ओठ हलले, "मीठ कमी हाय."

"आत्ती! बोलल्या बोलल्या चुकाच काढा!" राजनंदिनी हसता हसता रडली.

विद्याश्री वाकली. "मावशी, मला वाटा तुम्हीच सांगत होता न्हवं?"

"मी? माझी तर जीभ मेलती. ती सांगायची की."

"कोण?"

"तुझ्या मागं हुबी ऱ्हाती ती. लई मायाळू." बायडाबाई तिच्या खांद्यावरून बघत गोड हसल्या. "बघ, तुझं केस बी विंचरतीया."

विद्याश्रीचा हात मानेमागं गेला. सकाळी घाईत तिनं अंबाडा बांधला होता. बोटांना पाचपेडी वेणी लागली.

शेवटचा पेड अजून गुंफला जात होता.