पाचवं कडवं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण त्या खोलीत मी स्वतः बसलो होतो. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. चंफाई शहराच्या अलीकडचं आमचं गाव. दुपारचे तीन.

माझे आजोबा हरांगलुइया जाऊन दोन दिवस झाले होते. जन्मभर त्यांनी प्रार्थनागीतं रचली, इंग्रजीतली आमच्या मिझो भाषेत आणली. एकच गीत अर्धवट ठेवलं. पाच कडव्यांपैकी चारच केली.

"पाचवं मरणाऱ्याच्या तोंडचं आहे," ते म्हणायचे. "जिवंत माणसानं ते पुरं म्हटलं, की तो गेला."

रोछिंगीआत्या चिडायची. "बाबा, अर्धं गाणं चर्चवाले छापणार नाहीत! तुमचं सगळ्यात चांगलं गाणं वाया जाईल."

"जाऊ दे. तू जगलीस म्हणजे झालं."

आमच्याकडे मयताच्या घरी गाव जमतं आणि गातं. पुस्तक कुणी उघडत नाही. एकजण पुढची ओळ मोठ्यानं सांगतो, बाकीचे डोळे मिटून ती गातात. चाळीस वर्षं ओळी आजोबांनीच सांगितल्या. त्या दिवशी ते काम आत्याकडे आलं.

आजोबांचं तेच गाणं घेतलं. चार कडवी झाली. डेंगामामांनी ढोलावरचा हात उचलला...

आणि कुणीतरी पुढची ओळ सांगितली.

घोगरा, खोकल्यात अडकलेला आवाज.

आजोबांचा!

सवयीनं सगळ्यांनी ती गायली. मीही. दुसरी आली. गायली. तिसरी...

"थांबा!" डेंगामामांनी ढोल आडवा पाडला. "हे शब्द कुठले?"



"कोण सांगत होतं?" आत्यानं विचारलं.

सगळे तिच्याकडेच बघत होते.

"अगं," मामा हळूच म्हणाले, "तूच की."

आत्याला यातलं काहीच आठवत नव्हतं.

कडव्याला ओळी चार. चौथी तेवढी राहिली.

गाणं छापायचं म्हणून चर्चवाले ती ओळ दोनदा विचारून गेले. आत्यानं त्यांना दारातूनच परतवून लावलं. "ती ओळ जिभेवर येऊन बसते रे," ती मला म्हणाली. हल्ली ती तोंडाला शाल बांधून झोपते.

काल सकाळी आम्ही गुळाचा कोरा चहा पीत होतो. आत्या बोलता बोलता थांबली...

आणि तो घोगरा आवाज सुरू झाला.

मी झडप घालून तिचं तोंड दाबलं. माझ्या तळव्याखाली ओठ हलतच होते. तिचे डोळे मात्र 'सोडू नकोस, सोडू नकोस' म्हणत होते.